पंगतीतलं युद्ध

परवा एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत पाकिस्तानचा विषय निघाला. जिलेबी वाढेपर्यंत आमच्या एका काकांनी युद्ध सुरू केलं आणि मठ्ठा येईपर्यंत जिंकलंसुद्धा! "सियाचीनचा एक इंच सोडायचा नाही, बोलणीबिलणी काही नकोत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे गप्प बसलो, म्हणून हा लेखनप्रपंच. (काका, तुम्ही हे वाचणार ठाऊक आहे. रागावू नका.)

मुळात हे भांडण अर्धवट सोडलेल्या एका वाक्याचं आहे. १९४९च्या कराची करारात युद्धबंदी रेषा शेवटी 'तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत' एवढ्यावर सोडून दिली. १९७२ला नियंत्रण रेषा आखतानाही नकाशा एनजे९८४२ या बिंदूपाशीच थांबला. तिथे वर कोण जाणार, असं वाटलं असेल! १३ एप्रिल १९८४ला आपलं सैन्य 'ऑपरेशन मेघदूत'मध्ये साल्तोरो रांगेवर चढलं, ते आजतागायत तिथेच आहे.

तिथे नोव्हेंबर २००३मध्ये शस्त्रसंधी झाली. पण बर्फ कुठली संधी पाळतो? एप्रिल २०१२मध्ये गयारीला पाकिस्तानचे १४० जण गाडले गेले, त्यात ११ नागरिक. फेब्रुवारी २०१६मध्ये सोनम चौकीवर आपले दहा जवान गेले. त्यातला एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. या लढाईत गोळीपेक्षा थंडीनं आणि विरळ हवेनं जास्त माणसं मारली आहेत, दोन्हीकडची.

मग उतरून यायचं का? मुळीच नाही. थंडीत रिकाम्या सोडलेल्या चौक्यांत कोण येऊन बसलं, ते १९९९ला कारगिलमध्ये पाहिलंय. आधी आत्ताच्या जागा नकाशावर नोंदवा, मग सैन्य हलवू, ही आपली मागणी रास्तच आहे. पाकिस्तान ती मानत नाही, कारण आपण मूळ हिमनदीवर नाहीच, हे मग त्यांना आपल्या लोकांपुढे कबूल करावं लागेल.

पण सही घ्यायची तर समोर बसावं लागतं ना? २०२५मध्ये पहलगाम आणि त्यानंतरच्या चार दिवसांच्या लढाईनंतर हे आणखी अवघड झालंय, मान्य. तरी, बोलणी म्हणजे नामर्दपणा हे आपण पंगतीत बसून ठरवतो, आणि मग कुठलंच सरकार तो धोका पत्करत नाही. तिकडच्या पंगतीतही हेच चालत असणार.

जो तिथे उभा आहे त्यानं 'एक इंच नाही' म्हणावं. त्याचा तो हक्क आहे. आपण जिलेबी खाताना म्हणू नये, एवढंच.

असो.