देवी गेल्या, लशीचा प्रश्न उरला

मंकीपॉक्सची वार्ता वृत्तपत्रांत झळकली की मध्यमवयीन माणसे नकळत आपल्या दंडावरील जुना व्रण चाचपून पाहतात. लहानपणी काढलेल्या देवी आज उपयोगी पडतील काय, आणि ज्यांच्या देवी काढल्याच गेल्या नाहीत त्यांनी काय करावे, हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेली आणीबाणी सप्टेंबर २०२५ मध्ये मागे घेतली. तथापि आणीबाणी उठली म्हणजे रोग गेला असे नव्हे. पुढच्याच महिन्यात परदेशातून परतलेला एक रुग्ण धुळे येथे आढळला. जुलै २०२२ मध्ये केरळात देशातील पहिला रुग्ण सापडला तेव्हा दूरची वाटणारी ही गोष्ट आता महाराष्ट्राच्या उंबरठ्याशी आली आहे. म्हणूनच नांदेड-लातूरच्या सुशिक्षित वर्गाने या लशीसंबंधी नेमके काय ते समजून घेणे अगत्याचे आहे.

मराठवाड्यात देवीच्या रोगाला माणसे रोग म्हणत नसत. 'देवी आल्या' म्हणत. आईचा कोप मानून कडुनिंबाचा पाला टांगणाऱ्या घरात लस टोचणाऱ्या 'देवी डॉक्टरा'ला प्रवेश मिळणे सोपे नव्हते. तरीही हा रोग हटला. भारतातील अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला, एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने अवघे जग देवीमुक्त झाल्याची घोषणा केली. रोगच उरला नाही, तेव्हा देवी काढणेही थांबले. परिणामी १९८० नंतर जन्मलेल्या पिढीस या लशीचे कवच मुळीच लाभलेले नाही. आज शाळा-महाविद्यालयांत शिकणारे सर्व विद्यार्थी आणि त्यांना शिकविणारे बहुसंख्य तरुण शिक्षक या पिढीतीलच होत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक तरुणांच्या डाव्या दंडावर व्रण असतो आणि तो देवीचा आहे अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः तो क्षयप्रतिबंधक बीसीजी लशीचा व्रण होय. मंकीपॉक्सशी त्याचा काडीचाही संबंध नाही. कांजिण्यांची लसही निराळी. तिच्यामुळेही या रोगापासून संरक्षण मिळत नाही.

ज्यांच्या देवी खरोखरच काढल्या गेल्या, त्यांचे काय? देवी आणि मंकीपॉक्स यांचे विषाणू एकाच कुळातील असल्याने एकाची लस दुसऱ्यालाही अडविते. आफ्रिकेतील जुन्या पाहणीत हे संरक्षण सुमारे ८५ टक्के आढळले होते. परंतु त्यानंतर चार दशके लोटली आहेत आणि लशीचा प्रभाव काळानुसार क्षीण होतो. वयस्कांना रोग झालाच तर तो सौम्य राहण्याची आशा बाळगता येईल. खात्री मात्र देता येणार नाही.

आता नव्या लशीकडे वळू. जुन्या लशीत जिवंत विषाणू असे. तो शरीरात वाढे आणि इसब असलेल्यांना वा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना क्वचित घातकही ठरे. डेन्मार्कच्या बव्हेरियन नॉर्डिक कंपनीच्या 'एमव्हीए-बीएन' या लशीतील विषाणू माणसाच्या शरीरात वाढू शकत नाही. एचआयव्हीबाधितांनाही ती देता येते. चार आठवड्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा घ्यावयाच्या असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पूर्वमान्यता दिली, तेव्हा एका मात्रेने सुमारे ७६ टक्के व दोन मात्रांनी सुमारे ८२ टक्के संरक्षण मिळते असा अंदाज दिला होता. रुग्णाशी निकट संबंध आल्यानंतर चार दिवसांच्या आत ती दिल्यास रोग टळण्याचा संभव असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने या लशीच्या उत्पादनासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या कंपनीशी करार केला.

मग सर्वांनीच ती टोचून का घेऊ नये? कारण त्याची गरज नाही. सर्वांना सरसकट लस द्यावी असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. रुग्णाचे निकटवर्ती, रुग्णसेवा करणारे डॉक्टर व परिचारिका, प्रयोगशाळेतील कर्मचारी आणि अनेकांशी लैंगिक संबंध येत असल्याने ज्यांना धोका अधिक असे लोक, यांच्यापुरतीच ती प्रामुख्याने आहे. खुद्द देवीच्या निर्मूलनाचा इतिहासही हेच सांगतो. भारताने १९६२ पासून सरसकट देवी काढण्याची मोहीम राबविली. पण १९७४ मध्येही बिहारमध्ये साथीने हजारो बळी घेतलेच. रोग हटला तो घरोघर शोध घेऊन, रुग्ण हुडकून आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना तातडीने लस टोचून. रुग्णाची वर्दी देणाऱ्यास त्यावेळी सरकार बक्षीसही देत असे. देशाला देवीमुक्त केले ते लशीने खरे. पण लशीला वाट दाखविली ती शोधाने.

नांदेड-लातूरने या इतिहासापासून बोध घ्यावयाचा आहे. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनास देशविदेशातून यात्रेकरू येतात. लातूरच्या वसतिगृहांत हजारो विद्यार्थी दाटीवाटीने राहतात. तेथे कुणाच्या अंगावर पुरळ दिसले तर बहुधा त्या कांजिण्याच असतील. तेव्हा घाबरून विद्यार्थ्याला घरी पिटाळण्याचे कारण नाही. मात्र तापापाठोपाठ मानेत वा जांघेत अवधाण येणे, तळहात-तळपायांवरही फोड उठणे आणि मागील तीन आठवड्यांत परदेशप्रवास वा अशा रुग्णाशी निकट संबंध घडलेला असणे, या गोष्टी एकत्र आल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी झालीच पाहिजे.

खरी अडचण लशीची नसून लज्जेची आहे. हा रोग निकट स्पर्शातून, लैंगिक संबंधातूनही, पसरत असल्याने पुरळ लपविण्याकडे कल असतो. पूर्वी देवीचा रुग्ण श्रद्धेपोटी लपविला जाई, आज तो लोकलज्जेपोटी लपविला जाईल. विषाणूच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही. लपलेल्या रुग्णाच्या भोवतालच्या माणसांपर्यंत कोणतीच लस पोचू शकत नाही. म्हणून शासनाकडे मागणी करावयाची ती सर्वांसाठी लशीची नव्हे. रुग्णसेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आणि रुग्णाच्या निकटवर्तीयांसाठी लशीचा थोडा साठा मराठवाड्याच्या आवाक्यात असावा, आणि तपासणीस येणाऱ्याचे नाव गुप्त राहावे, एवढीच ती मागणी असावी. ती मोठी नाही. पण चार दिवसांच्या मुदतीत जिचा उपयोग व्हावयाचा, ती लस मागविण्यातच चार दिवस गेले तर तिचे असणे नसणे सारखेच.