अंधाऱ्या खोलीतील चांदी

तासगाव म्हटले की द्राक्षे, बेदाणे आणि गणपतीच्या देवळाचे उंच गोपूर डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु या तालुक्याची आणि आसपासच्या खानापूर-आटपाडी भागाची आणखी एक ओळख आहे. पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाने गांजलेल्या येथील तरुणांनी गलाईच्या धंद्यासाठी देशाचा कानाकोपरा गाठला. सराफाच्या दुकानातील केरातूनही सोने-चांदी गाळून काढणारे हे लोक. त्यांच्याच मुलखात दंतवैद्याच्या मोरीतून चांदी वाहून जात असेल, तर त्या विसंगतीचा विचार करणे अगत्याचे ठरते.

दाताच्या क्ष-किरण चित्राची फिल्म जेमतेम तीन बाय चार सेंटिमीटरची. तिच्यावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. अंधाऱ्या खोलीत, मंद तांबड्या दिव्याखाली, ती प्रथम डेव्हलपरमध्ये बुडवतात. किरण पोचलेल्या ठिकाणी क्षारांची काळी चांदी बनते. नंतर फिल्म फिक्सरमध्ये जाते आणि तेथे उरलेले क्षार विरघळतात. म्हणजे चित्रात दात जितका पांढरा दिसतो, तितकी तेथील चांदी फिक्सरमध्ये उतरलेली असते. वापरलेला फिक्सर हे म्हणूनच निव्वळ सांडपाणी नव्हे. फिल्मच्या पाकिटातील शिशाचा पातळ पत्राही दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिसे हे विषच आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी या द्रावणाचा समावेश पिवळ्या वर्गातील रासायनिक द्रव कचऱ्यात केला आहे. त्यातील उपयुक्त द्रव्य आधी काढून घ्यावे, मग प्रक्रिया करावी आणि त्यानंतरच ते सांडपाण्यात सोडावे, असा दंडक आहे. तथापि प्रत्येक मोरीपाशी निरीक्षक उभा करता येत नाही.

खरा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. एका दवाखान्यातील महिन्याकाठच्या दोन-चार लिटर फिक्सरमधील चांदी इतकी थोडी, की ती काढण्याचा खर्च तिच्या मोलाहून अधिक व्हावा. ओतून देणाऱ्या दंतवैद्याचे त्यात काहीच जात नाही. जे जाते ते इतरांचे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या सूक्ष्म जीवांना चांदीचे क्षार मारक ठरतात. येरळा पुढे ब्रह्मनाळपाशी कृष्णेला मिळते आणि त्याखाली सांगली शहर कृष्णेचेच पाणी पिते. ज्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी पडतो, ती गोष्ट बाजार आपण होऊन टाळत नाही.

यावर तोडगा या जिल्ह्याला नवा नाही. एका म्हशीचे दूध शहरात नेणे कोणाही शेतकऱ्याला परवडले नसते. गावोगावच्या संकलन केंद्रांनी ते परवडण्याजोगे केले. तालुक्यातील दंतवैद्यांनी फिक्सर वेगळ्या डब्यात साठवावा, त्यात डेव्हलपर मिसळू देऊ नये, आणि अधिकृत कचरा-वाहकाने तो ठरावीक दिवशी न्यावा. लोखंडी किसातून गाळून किंवा विजेच्या प्रवाहाने त्यातील चांदी वेगळी करता येते. पुढे मूस आणि टाकणखार हाताळणारे कसबी हात याच मातीतले आहेत. चांदीच्या मोलातून सगळा खर्च भरून निघेल, अशी भाबडी आशा मात्र बाळगू नये. उरलेला भार हा व्यवसायाचाच खर्च मानला पाहिजे.

संगणकावर चित्र उमटवणारी साधने आल्यावर फिल्म आपोआपच मागे पडेल, मग हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. अनेक दवाखान्यांनी ती साधने घेतलीही आहेत. परंतु नवे यंत्र महाग असते आणि जुनी पद्धत शेवटी टिकते ती लहान गावांतील लहान दवाखान्यांतच. तेथील शेवटची फिल्म धुतली जाईपर्यंत मोरीतून जे जाईल, ते परत आणता येणार नाही. परमुलखात कचऱ्यातून चांदी शोधणाऱ्या तालुक्याने आपल्या घरची चांदी गटारात सोडू नये, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.