आंतरराष्ट्रीय शाळा, तीही जिल्हा परिषदेची!

टोकियोत 1989 पासून 'कोकुसाई' नावाचं एक सरकारी हायस्कूल आहे. कोकुसाई म्हणजे आंतरराष्ट्रीय. आपल्याकडे पाटीवर हा शब्द दिसला की पालक आधी फी विचारतात!

म्हणून मला गाडीवाट आठवतं. आपल्या शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवरची जिल्हा परिषदेची शाळा. 2019 मध्ये तिथल्या मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? मुलं म्हणाली, जपानी. का, तर रोबोट आणि तंत्रज्ञान! गुरुजींनी इंटरनेटवरून साहित्य जमवलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शहरातल्या एका जाणकारांनी ऑनलाइन वर्ग घेतले, तेही विनामूल्य. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांना 'विषयमित्र' मुलांनी शिकवलं.

जपानी अवघड, हे आपणच ठरवलेलं. 'मिझु ओ नोमिमासु' म्हणजे 'पाणी पितो'. क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं. इंग्रजीपेक्षा ही रचना आपल्या लेकरांना जवळची वाटते. (लिपी मात्र घाम काढते, ते खरं.)

माझी तक्रार वेगळी आहे. असे उपक्रम एखाद्या गुरुजींच्या हौसेवर चालतात. बदली झाली की उपक्रमाचीही बदली! त्याला तासिका हवी, शिक्षक हवा, थोडं मानधन हवं. अजिंठ्याच्या जतनासाठी जपानने कर्ज दिलं, तिथले पर्यटक लेणी बघायला येतात. मग लेण्यांजवळच्या फर्दापूर परिसरातल्या शाळांसाठी आठवड्याला जपानीचा एक तास मागायला काय हरकत आहे? पालकांनो, पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढाच.