फिजिक्स वाचून होत नाही, लिहून होतं!

बारावीचा फिजिक्सचा पेपर सुटला की केंद्र अमरावतीचं असो की अकोल्याचं, गेटबाहेर एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘सगळं तं येत होतं, मंग लिवता काऊन नाही आलं बे?’

मित्रमैत्रिणींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. फिजिक्समधले बरेचसे मार्क अभ्यास न केल्यामुळे जात नाहीत. अभ्यास डोळ्यांनी केला आणि परीक्षा मात्र हातानं द्यावी लागली, म्हणून जातात. व्हिडिओ पाहिला, नोट्सवर हायलायटर फिरवला, सरांनी फळ्यावर गणित सोडवताना मान डोलावली. समजलं असं वाटतं. पण समजणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर उतरवणं वेगळं.

हे नुसतं मोठ्यांचं लेक्चर नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटानं उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यानं एकदाच वाचला आणि मग तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. तुमची बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते.

आता आपल्या पेपरकडे बघा. लेखी ७० गुण, वेळ तीन तास. दहा बहुपर्यायी आणि आठ एका वाक्याचे प्रश्न सोडवावेच लागतात. पुढे दोन गुणांच्या बारापैकी आठ, तीन गुणांच्या बारापैकी आठ आणि चार गुणांच्या पाचपैकी तीन. म्हणजे छापलेले असतात ९८ गुणांचे प्रश्न, सोडवायचे ७० गुणांचे. निवडीला एवढी जागा असूनही पेपर अपुरा राहतो, कारण एका गुणाला अडीच मिनिटं हा हिशेब घरी कधी घड्याळ लावून केलेलाच नसतो. त्यात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. वर्षभर मोबाइलवर आकडेमोड करणाऱ्याला नेमक्या त्या दिवशी लॉग टेबलचे रकाने परके वाटतात.

एक उदाहरण घेऊ. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ तुम्ही पाहिला असेल. रोटेशनल डायनॅमिक्सच्या धड्यात तो आहेच. सूत्र पाठ असतं: त्रिज्या गुणिले जी, भागिले घर्षण गुणांक, आणि त्याचं वर्गमूळ. पण पेपरात विचारलं, ‘बाइकवर आणखी एक जण बसला तर किमान वेग वाढवावा लागेल का?’ तर पाठांतरवाला अडतो. ज्यानं सूत्र स्वतः काढून पाहिलंय, त्याला माहीत असतं की भिंतीचा दाब आणि वजन, दोन्हीत वस्तुमान येतं आणि ते उडून जातं. म्हणून उत्तर ‘नाही’. आता आकडे घाला. त्रिज्या ५ मीटर, गुणांक ०.५, जी ९.८. वर्गमुळात येतात ९८. त्याचा लॉग १.९९१२, अर्धा ०.९९५६, अँटिलॉग ९.९. उत्तर ९.९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी साधारण ३६ किलोमीटर. मोजून तीन ओळी. पण एकक लिहायचं राहिलं, तर हातातला गुण कापला जातो.

आणखी एक गोष्ट, विशेषतः दर्यापूर, तेल्हारा, मोर्शी, बाळापूरकडून आलेल्यांसाठी. दहावी मराठीत, आणि अकरावीत एकदम इंग्रजी फिजिक्स. अडचण डोक्याची नसते, वाक्याची असते. संकल्पना खुशाल वऱ्हाडीत समजून घ्या, मित्राला वऱ्हाडीतच समजावून सांगा. पण व्याख्या आणि नियम रोज दोन, इंग्रजीत, न बघता लिहा. दोन महिन्यांत हात बसतो.

आता थोडं कडू. गावाकडच्या कॉलेजात नाव, शहरात क्लास, आणि प्रयोगशाळेचं दार फक्त परीक्षेपुरतं उघडणार, ही पद्धत आपल्याकडे रुजली आहे. जर्नल एकाचं, उतरवणारे दहा. प्रात्यक्षिकाचे ३० गुण मिळूनही जातात. पण ज्यानं मीटर ब्रिजवर जॉकी सरकवून शून्य विक्षेप स्वतः शोधला नाही, त्याला करंट इलेक्ट्रिसिटीचा धडा कोरडाच राहतो. ‘बोर्ड कशाला, सीईटी आहे ना’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, खुल्या प्रवर्गातून इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये ४५ टक्के, मेडिकलला पीसीबीमध्ये ५० टक्के आणि एनआयटीला साधारणपणे बारावीत ७५ टक्के लागतातच. शिवाय सीईटीतले बहुतेक प्रश्न बारावीच्याच अभ्यासक्रमाचे असतात.

मग करायचं काय? दर रविवारी तीन तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत, समोर जुनी प्रश्नपत्रिका आणि लॉग टेबल. पेपर मित्राकडून तपासून घ्या. प्रत्येक चुकीपुढे लिहा: संकल्पना चुकली, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही? चार रविवारांनंतर आपला आजार आपल्यालाच कळतो. बहुपर्यायी उत्तराला पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा. तिथं पहिलंच उत्तर धरलं जातं, खाडाखोड चालत नाही.

याला महागडा क्लास लागत नाही. जुने पेपर, बालभारतीचं पुस्तक, एक वही आणि एक प्रामाणिक मित्र पुरतो. आणि कॉलेजच्या सरांना, मॅडमना हक्कानं विचारा, ‘लॅब कधी उघडता?’ फी भरलेल्या विद्यार्थ्यानं हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. तो विचारायला फेब्रुवारीची वाट बघू नका.