डोंगल कुणाच्या पर्समध्ये?

सोलापूर जिल्ह्यातल्या सरपंचताईंनो, तुमचं डिजिटल सहीचं डोंगल कुठं असतं? पुष्कळ ठिकाणी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिनच्या चिठ्ठीसकट! का, तर ‘डोंगल लावलं की कॉम्प्युटर हँग होतो, मॅडम. तुम्ही कशाला थांबता?’

अहो, भाऊसाहेबांचं आणि तुमचं डोंगल वेगवेगळ्या कंपनीचं असलं, की कधीकधी दोघांचे ड्रायव्हर भांडतात. जुने काढायचे, मशीन बंद-चालू करायचं, नवे एकेक करून टाकायचे. डोंगल मात्र कोरं करू देऊ नका, सहीच पुसली जाते.

२०२० पासून ई-ग्रामस्वराजवर वित्त आयोगाचे पैसे याच दोन सह्यांनी निघतात. आणि २००० च्या आयटी कायद्यानं ही सही हातच्या सहीइतकीच पक्की. उद्या चौकशी लागली, तर कागदावर नाव ऑपरेटरचं नसेल. तेव्हा थांबा अर्धा तास. चहा सांगा हवं तर.