‘इम्युनिटी बूस्टर’ विकणाऱ्यांना जाहीर इशारा

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे ठळक छापून काढे, गोळ्या आणि पावडरी खपवणाऱ्या सर्वांना विचारतो: नेमके काय वाढवता? आणि ज्याला विकता, त्याला संधिवात आहे, थायरॉइड आहे की ल्यूपससारखा स्वप्रतिकार विकार, हे कधी विचारलेत?

प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी जंतूंवर तुटून पडतात, तशाच बिथरल्या तर आपल्याच सांध्यांवर, यकृतावर तुटून पडतात. म्हणून शरीराने त्यांना लगाम घातला आहे. शत्रूची ओळख पटली तरी टी-पेशी एकदम पेटत नाही. तिच्यावरच्या सीडी-28 या रेणूला समोरच्या पेशीवरचा बी-7 हा रेणू भेटावा लागतो. ती पेटली की थोड्याच वेळात तिच्या पृष्ठभागावर सीटीएलए-4 हा लगामाचा रेणू येतो, बी-7 ला सीडी-28 पेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि पेशीला मिळणारी चिथावणी तोडतो. 1995 मध्ये या सीटीएलए-4 चे जनुक काढून टाकलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्याच लिम्फोसाइट पेशी त्यांच्या हृदयात आणि स्वादुपिंडात घुसल्या होत्या.

माणसांतले उदाहरण हवे? मार्च 2006, लंडनचे नॉर्थविक पार्क रुग्णालय. सीडी-28 ला थेट चेतवणारे टीजीएन-1412 हे नवे औषध सहा धडधाकट तरुणांना अगदी अल्प मात्रेत टोचले. दीड तासाच्या आत डोकेदुखी, उलट्या, ताप. आणि पुढे सहाही जण अनेक अवयव निकामी होऊन अतिदक्षता विभागात. ते वाचले, पण एकाची बोटे गेली.

सीटीएलए-4 सारखे लगाम मुद्दाम सैल करून कर्करोगावर उपचार होतात. त्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना 2018 चे नोबेल मिळाले. पण तिथेही आतडे, यकृत, थायरॉइड, क्वचित हृदयही सुजते, म्हणून डॉक्टर वारंवार रक्त तपासतात. असे उपचार घेणाऱ्यांनो, जुलाब सुरू झाले तर दुकानातून गोळी आणून दडपू नका. त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा. आणि कोणी प्रेमाने आणून दिलेला काढासुद्धा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आता काढ्यांतल्या गुळवेलीकडे वळू. ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. चित्र स्वप्रतिकार विकारासारखे होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला. वाद असेल तर पुरावा मांडा. तोवर ‘सर्वांसाठी सुरक्षित’ असे छापण्याचा तुम्हाला काडीचाही अधिकार नाही.

पंधरा दिवसांची मुदत देतो. पाकिटावरून आणि जाहिरातीतून ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हा दावा काढा, नाहीतर मानवी चाचणीचा पुरावा जाहीर करा. स्वप्रतिकार विकार असलेल्यांसाठी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांसाठी धोक्याची सूचना मोठ्या अक्षरांत छापा. सोळाव्या दिवशी पाकिटे आणि पावत्यांसह अन्न व औषध प्रशासनाकडे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार जाईल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत.