लाइनमनच्या नोंद नसलेल्या दुखापती

अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमनच्या वाट्याला चेंडू क्वचितच येतो. येतात त्या धडका. १९९०च्या दशकात पिट्सबर्ग स्टीलर्सकडून खेळलेला जस्टिन स्ट्रेल्झिक हा अशांपैकीच एक. ३० सप्टेंबर २००४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील महामार्गावर, पोलिस पाठलागावर असताना, उलट दिशेने भरधाव निघालेली त्याची गाडी टँकरवर आदळली. वय अवघे ३६. विक्षिप्तपणा म्हणून प्रकरण मिटलेही असते. पण नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि वारंवारच्या आघातांतून जडणाऱ्या विकाराचे निदान २००७मध्ये जाहीर झाले. लाइनमन जवळपास प्रत्येक चालीत सोसतो त्या लहानसहान धक्क्यांचा हिशेब तेव्हा कोण ठेवत होते? या खेळाचा आणि विकाराचा संबंध ‘एनएफएल’च्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केला, तो थेट २०१६मध्ये.